निकालाच्या रात्री ठरलेले परदेशगमन

नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या एका गृहस्थांनी मला सविस्तर पत्र लिहिले आहे. ते स्वतः ४१ वर्षांचे असून मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात. पत्नी ३८ वर्षांच्या, बी. फार्म. झालेल्या आणि एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करणाऱ्या आहेत. मुलगी आठवीत शिकते, आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील हनुमाननगरातील जुन्या घरी राहतात. निवडणुकीचा निकाल लागला त्या रात्री या गृहस्थांना झोप आली नाही आणि पहाटेपर्यंत पतिपत्नींचे ठरले, की सहा महिन्यांच्या आत देश सोडायचा. कॅनडा बरा की ऑस्ट्रेलिया, मुलीचे नाव शाळेतून आताच काढावे का, एका एजंटाने सुचवल्याप्रमाणे राजकीय आश्रयाचा अर्ज करता येईल का, आणि येत्या रविवारी फ्लॅटचे टोकन घेऊन येणाऱ्या ग्राहकाला होकार द्यावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत. कोणत्या पक्षाच्या विजयाने ते इतके व्यथित झाले हेही त्यांनी लिहिले आहे. ते मी येथे वगळतो, कारण उत्तरात त्याने काडीचाही फरक पडत नाही.

फरक पडत नाही, असे म्हणण्याला अनुभवाचा आधार आहे. परदेशी स्थलांतराची कागदपत्रे आणि अनिवासी भारतीयांचे कर, हे काम मी नागपुरात गेली सव्वीस वर्षे करीत आहे. २०२४ साली ४ जूनला लोकसभेचा आणि २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवडाभरात माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन माणसे आली. जूनमध्ये आलेले नोव्हेंबरमध्ये पेढे वाटत होते आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्यांनी जूनमध्ये वाटले होते. ज्या शहरात दीक्षाभूमी आणि संघाची रेशीमबाग ऑटोच्या एका छोट्या फेरीत येतात, त्या शहरातल्या माणसाने राजकारण मनाला लावून घेतले तर त्यात नवल नाही. शिवाय हा प्रकार आपल्यापुरता नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत मतमोजणी चालू असतानाच कॅनडाच्या स्थलांतर खात्याचे संकेतस्थळ गर्दीने कोलमडले होते. त्या रात्री संकेतस्थळ उघडणाऱ्यांपैकी फारच थोडे पुढे खरोखर सामान बांधून निघाले.

आता त्या गृहस्थांनाच उद्देशून लिहितो. आश्रयाचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण आपल्या पत्रातील तेवढीच गोष्ट घातक आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असणाऱ्यालाच निर्वासित मानले जाते. आपल्या पसंतीचा पक्ष हरला, याला छळ म्हणत नाहीत. ज्यांना खरोखर धमक्या आल्या आहेत, ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरावर हल्ला झाला आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी माझ्यासारख्याकडे येण्याआधी वकिलाकडे जावे आणि प्रत्येक तक्रारीची प्रत जपून ठेवावी. आपल्या पत्रात तसे काहीही नाही. खोटी कहाणी रचून केलेला अर्ज फेटाळला जातोच, शिवाय त्या देशाच्या नोंदीत खोटेपणाचा शिक्का बसतो, आणि पुढे सरळ मार्गाने अर्ज करायचा झाल्यास तोच आडवा येतो. याहून वाईट म्हणजे 'डंकी'चा, चोरवाटेने सीमा ओलांडण्याचा, रस्ता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, तेव्हा त्या रस्त्याचा शेवट सर्वांनी पाहिला. आपल्या एजंटाला एवढेच विचारा, की कॅनडासाठी तेथील स्थलांतर सल्लागारांना परवाना देणाऱ्या नियामक संस्थेचा, अथवा ऑस्ट्रेलियासाठी तेथील नोंदणी प्राधिकरणाचा त्याचा नोंदणी क्रमांक कोणता. दोन्ही याद्या सार्वजनिक आहेत. क्रमांकाऐवजी तो 'गॅरंटी' या शब्दाने उत्तर देऊ लागला, तर चहा संपवून उठावे.

आता सहा महिन्यांचे. कॅनडाचे उदाहरण घेऊ, कारण तेथील गुणांचे गणित उघड आहे. एक्स्प्रेस एंट्री या कुशल कामगारांना स्थायी रहिवासासाठी निवडण्याच्या पद्धतीत उमेदवाराला एकूण १,२०० पैकी गुण दिले जातात आणि त्यांत वयाचा वाटा निर्दयपणे उतरत जातो. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला विशीत वयाचे १०० गुण मिळतात, चाळिसाव्या वर्षी ४५, आपल्या ४१ व्या वर्षी ३५, बेचाळिसाव्या वर्षी २५, आणि ४५ पूर्ण झाल्यावर शून्य. आपली पदवी, इंग्रजीत चांगले गुण मिळतील असे गृहीत धरून भाषेचा वाटा, परदेशातील, म्हणजे त्यांच्या दृष्टीने भारतातील, अनुभव आणि पत्नीचे शिक्षण हे सगळे मिळवून माझ्या हिशेबाने आपण ३६० ते ३७५ च्या दरम्यान येता. २०२५ साली कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी झालेल्या सोडतींची, म्हणजे ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांना बोलावणे धाडण्याच्या फेऱ्यांची, मर्यादासुद्धा ५०० च्या वर राहिली. नोकरीच्या प्रस्तावाला पूर्वी जादा गुण मिळत. तेही २५ मार्च २०२५ पासून काढून टाकण्यात आले. पत्नीला मुख्य अर्जदार केले तर वयाचे ५५ गुण मिळतात, म्हणजे वीस गुणांचा लाभ होतो. आपल्या घरात अर्ज त्यांच्याच नावाने व्हावा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बहुतेक कुटुंबे मात्र सवयीने नवऱ्याचे नाव पुढे करतात आणि वीस गुण उगाच घालवतात.

त्यानेही पाचशेचा टप्पा गाठला जात नाही. आपल्यासारख्या कुटुंबाला खरा उपयोग होऊ शकतो तो फ्रेंचचा. फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र सोडती निघतात आणि मार्च २०२५ मध्ये त्यांची मर्यादा ३७९ पर्यंत खाली आली होती. भाषेचे जादा गुण वेगळेच. परंतु शून्यापासून त्या पातळीचे फ्रेंच शिकायला नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षे लागतात, आणि तेवढ्यात वयाचे आपले वीसपर्यंत आणि पत्नीचे दहापर्यंत गुण गळालेले असतात. त्यानंतर अर्ज, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि बायोमेट्रिक, ज्यासाठी नागपूरकराला मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. बरोबर न्यायच्या पैशांचीही अट आहे. तिघांच्या कुटुंबासाठी २३ हजारांहून अधिक कॅनडियन डॉलर खात्यात असावे लागतात आणि ती रक्कम उसनी घेतलेली चालत नाही. सहा महिन्यांत यातले फार तर शैक्षणिक पदव्यांचे मूल्यांकन पूर्ण होईल.

ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात सांगतो. पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाली की तेथील गुणाधारित कुशल व्हिसाचे दार बंद होते, आणि ४० ते ४४ या वयोगटाला ३० ऐवजी केवळ १५ गुण मिळतात. अर्जाची किमान अट ६५ गुणांची असली तरी ती केवळ रांगेत उभे राहण्याची अट आहे; सॉफ्टवेअरच्या माणसांना बोलावणे येते ते त्याहून बऱ्याच वर. जर्मनीने जून २०२४ पासून तेथे जाऊन नोकरी शोधता यावी यासाठी संधी-कार्ड सुरू केले आहे, पण जर्मन भाषेवाचून तेथे पत्नीच्या व्यवसायाचा विचारही करता येणार नाही.

येथपर्यंत अडचणी सांगितल्या, आणि अडचणी सोसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आपण निवडणुकीचे कारण देऊन ज्या देशांकडे निघाला आहात, तेथेही निवडणुका होतात, आणि गेल्या काही वर्षांत त्या निवडणुकांचा मुख्य विषय कोणता असेल, तर तो आपल्यासारखा बाहेरून येणारा माणूस हाच आहे. कॅनडाने २०२५ साठी पाच लाख स्थायी रहिवाशांचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले, आणि तेही सरकार न बदलता, केवळ लोकमत फिरल्याचे दिसताच. जर्मनीत जून २०२४ मध्ये नागरिकत्वाचा कायदा सैल झाला, आठ वर्षांची अट पाचवर आली आणि विशेष प्रगती करणाऱ्यांना तिसऱ्या वर्षीच अर्ज करता येऊ लागला; फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने ती तीन वर्षांची वाट त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बंद केली. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या किमान पगाराची अट हुजूर पक्षाच्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंडांवर नेली. जुलैमध्ये सत्तांतर झाले, आणि ज्यांना वाटले होते की आता दिलासा मिळेल, त्यांना मजूर पक्षाच्या सरकारने वर्षभराने ती ४१,७०० वर नेल्याचे पाहावे लागले. अमेरिकेत १९ सप्टेंबर २०२५ च्या एका घोषणेने नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसले. त्या शनिवार-रविवारी सुटीसाठी घरी आलेली मुले परतीची विमाने धरायला धावत होती आणि त्यांचे आईबाप येथे माझा फोन वाजवत होते.

मायदेशी आपल्याला नको असलेले सरकार आले, तरी आपला रहिवास कोणी काढून घेत नाही. तेथे मात्र कित्येक वर्षे आपण अशा निवडणुकांचा विषय असाल, ज्यांत आपल्याला मत नाही. कॅनडात नागरिकत्वाच्या अर्जासाठी मागील पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहावे लागते, ऑस्ट्रेलियात चार वर्षे. अमेरिकेत ग्रीन कार्डानंतर साधारणपणे पाच वर्षे लागतात, आणि नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळण्यासाठी भारतात जन्मलेल्याला दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. याला दोन अपवाद आहेत आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसतात. ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने तेथील संसदेसाठी मतदान करू शकतो, आणि न्यूझीलंडमध्ये स्थायी रहिवाशाला सलग एक वर्ष राहिल्यावर मताचा अधिकार मिळतो. निवडणूक हेच आपले खरे कारण असेल, तर कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या आधी न्यूझीलंडचा विचार व्हायला हवा होता. आपल्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. (दुबईचा आहे, दोनदा. राजकारणाला कंटाळून दुबईला जाणाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटते, कारण तेथे निवडणुकीच्या निकालाने झोप उडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.)

इथल्या मताचे काय होते, तेही पाहून घ्यावे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीमुळे परदेशी राहणाऱ्या, पण परकीय नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला आपल्या पासपोर्टावरील पत्त्याच्या मतदारसंघात नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते. मत मात्र मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः उभे राहूनच द्यावे लागते. प्रतिनिधीमार्फत मतदानाची सोय करणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले होते, पण ते पुढे व्यपगत झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा सुमारे १ लाख १९ हजार नोंदणीकृत मतदारांपैकी प्रत्यक्ष मत देणारे तीन हजारांहूनही कमी होते, आणि त्यांतील बहुतेक केरळचे. नागपूरकरांना दुरून येऊन मत देण्याचा उत्साह किती असेल याविषयी मी साशंक आहे, कारण त्याच निवडणुकीत आपल्या मतदारसंघाचे मतदान घराजवळच्या शाळेत जाऊनही ५४ टक्क्यांच्या आसपासच राहिले. पुढे परकीय नागरिकत्व घेतले, की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. परकीय नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येण्याजाण्याची आणि राहण्याची मोकळीक मिळते, मत मिळत नाही. २०२२ साली २,२५,६२० आणि २०२३ साली २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याची माहिती संसदेत देण्यात आली होती. प्रत्येक निकालानंतर हे आकडे फिरवले जातात आणि त्यांतून त्या निकालाचा अर्थ काढला जातो. वस्तुतः ही माणसे आठ-दहा किंवा पंधरा वर्षांपूर्वी, कोणा दुसऱ्याच सरकारच्या काळात, बहुधा नोकरीसाठी निघालेली असतात.

हे सारे लिहीत असताना आपल्या पत्राच्या तिसऱ्या पानावरील एक वाक्य माझ्या नजरेसमोर आहे. २०२१ साली, म्हणजे ही निवडणूक क्षितिजावरही नसताना, आपण आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली होती आणि वडिलांच्या आजारपणामुळे पुढचे राहून गेले. माझ्याकडे निकालानंतर येणाऱ्या बहुतेकांच्या फायलीत असा एखादा जुना कागद निघतोच. निवडणूक हे जाण्याचे कारण नसते. आधीच मनात असलेल्या गोष्टीला ती मुहूर्त देते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र कारण नीट ओळखले नाही तर देश चुकतो. मुलीचे उच्च शिक्षण हे कारण असेल, तर जर्मनीसारखा देश, जेथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, वरच्या क्रमांकावर येईल. पगार हे कारण असेल, तर कंपनीमार्फत दोन-तीन वर्षांची प्रतिनियुक्ती मागणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. येथील प्रशासन, रस्ते, हवा यांचा उबग आला असेल, तर दुसऱ्या राज्यात बदली मागून पाहावी. त्यासाठी व्हिसा लागत नाही. आणि निवडणूक हेच कारण असेल, तर देश निवडताना तेथील पगार न पाहता स्थलांतराचा कायदा किती स्थिर आहे आणि मत किती वर्षांत मिळते, हे पाहावे लागेल. चारही कारणांची यादी पतिपत्नींनी वेगवेगळ्या कागदांवर करावी आणि मग एकमेकांना दाखवावी. हा माझ्या कार्यालयातला जुना प्रघात आहे. दोन कागद जुळल्याचे मी क्वचितच पाहिले.

एका अशिलाची गोष्ट सांगतो. २०१४ च्या मे महिन्यातील निकालानंतर लक्ष्मीनगरचे एक अभियंते ऑस्ट्रेलियासाठी माझ्याकडे आले. त्यांचा राग खरा होता, आणि वय ३२ असल्याने गुणही भरपूर होते. व्हिसा हाती यायला २०१६ उजाडले, तोवर राग निवला होता, पण पत्नीला तेथे नोकरीची शक्यता दिसू लागली होती, म्हणून ते गेले. आज मेलबर्नला त्यांचे उत्तम चालले आहे. ४ जून २०२४ रोजी आपल्याकडे सकाळी आठला मतमोजणी सुरू झाली तेव्हा तेथे दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि या गृहस्थांनी त्यासाठी कार्यालयातून रजा घेतली होती. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, तो पूर्व विदर्भातील कोणत्या फेरीत कोणाची आघाडी तुटली हे सांगण्यासाठी.

आईवडिलांविषयी आपण पत्रात एकच ओळ लिहिली आहे, 'स्थिरावल्यावर त्यांना बोलावून घेऊ'. ही ओळ मी फार वेळा वाचली आहे. कॅनडात आईवडिलांना स्थायी रहिवास देणारी योजना मर्यादित संख्येची असून २०२५ मध्ये नव्या इच्छुकांची नोंदणीच घेतली गेली नाही. सुपर व्हिसावर ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण खाजगी आरोग्यविमा घ्यावा लागतो आणि सत्तरीनंतर मधुमेह-रक्तदाबासह त्याचा हप्ता बराच चढतो. ऑस्ट्रेलियात सशुल्क पालक व्हिसासाठी माणशी ५० हजार डॉलरच्या घरात रक्कम लागते आणि तरीही रांग वर्षानुवर्षांची आहे. म्हणून 'बोलावून घेऊ' हा शब्द बाजूला ठेवून, रात्री दोन वाजता वडिलांना दवाखान्यात कोण नेईल या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून काढावे. बहीण, चुलतभाऊ, शेजारी, जो कोणी असेल त्याला आधी विचारावे, गृहीत धरू नये.

आता जे कराच, ते सांगतो. त्यातील बहुतेक कामे विनाखर्चाची आहेत आणि बेत रद्द झाला तरी वाया जात नाहीत. पहिले काम नावांचे. आपल्याकडे स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव लग्नानंतर बदलते, कित्येक घरांत पहिले नावही बदलते, आणि परदेशी कारकुनाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या स्त्रिया ठरतात. आपल्या पत्नीची पदवी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि विवाहनोंदणी आपण केलेलीच नाही असे पत्रावरून दिसते. विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र आधी काढा. तो एक कागद दोन्ही नावांना जोडतो. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचे नाव आहे ना, हेही पाहा. रुग्णालयातून झालेल्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरी राहते आणि पुढे शाळेच्या दाखल्यावर काम भागत गेल्याने ती तशीच कोरी राहून जाते. महापालिकेच्या झोन कार्यालयात ते नाव भरून घेता येते, पण व्हिसाच्या मुदतीत ते करायला लागलात तर घाम फुटेल. दुसरे काम विद्यापीठाचे. पदवी मूल्यांकनासाठी गुणपत्रिकांच्या प्रतिलिपी विद्यापीठाकडूनच जाव्या लागतात. आपल्या विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, आणि आपण त्याच सुमारास शिकत असल्यामुळे आपल्या काही गुणपत्रिका जुन्या नावाच्या व काही नव्या नावाच्या असणार. नामांतराचा खुलासा सोबत जोडलेला बरा. एका अशिलाची फाइल केवळ याच शंकेने दोन महिने अडली होती.

इंग्रजीची परीक्षा मात्र रागाच्या भरात देऊ नका. तिचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, उलट कॅनडासाठी केलेले पदवीचे मूल्यांकन पाच वर्षे चालते. आधी मूल्यांकन आणि मग परीक्षा, हा क्रम पाळला तर पैसे वाचतात. २०२१ मधला आपला निकाल केव्हाच बाद झाला आहे. पत्नीच्या व्यवसायाचा वेगळा विचार करा. तेथे औषधनिर्माती म्हणून काम करायचे तर त्या देशाच्या परीक्षा, प्रशिक्षण आणि स्थानिक परवाना हे सारे नव्याने करावे लागते, आणि त्या काळात घर आपल्या एकट्याच्या पगारावर चालणार आहे, हे हिशेबात धरले पाहिजे.

काटोलकडील संत्र्याच्या बागेत आपला वाटा आहे. अनिवासी झाल्यावर तो आपल्याकडे ठेवता येतो, वारशानेही मिळतो, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. वाटणी तोंडी आहे असे आपण लिहिता. जायचे असो वा नसो, फेरफार करून सातबाऱ्यावर नाव चढवून घ्या. मुखत्यारपत्रही येथेच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेणे सोपे जाते. परदेशात केलेले मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे लागते आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे अनेकांना मुदत टळल्यावर कळते.

मुलीचे नाव शाळेतून काढण्याचा प्रश्नच येत नाही. प्रक्रिया आज सुरू केली आणि सारे सुरळीत झाले, तरी तिची दहावी येथेच होईल, आणि तिच्या दृष्टीने तोच बरा टप्पा आहे. नववीच्या मध्यावर उचलून नेलेल्या मुलांचे हाल मी पाहिले आहेत. आयुष्यात एवढा बदल होणार आहे, तर तिचे मत विचारा. आपल्या पाच पानी पत्रात तिला काय वाटते याचा कोठेही उल्लेख नाही.

राहता राहिला फ्लॅट. अनिवासी झाल्यावर विकला, तर खरेदीदाराला पूर्ण किमतीवर, केवळ नफ्यावर नव्हे, दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी असलेल्या १२.५ टक्के दराने आणि वर अधिभार-उपकर धरून कर कापावा लागतो. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत हीच कपात किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का असते. कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळवता येते, पण त्यात वेळ जातो. म्हणून कधी तरी विकायचाच असेल तर निवासी असताना विकणे सोयीचे, हे आपल्या एजंटाने सांगितले ते खरे आहे. त्याने सांगितले नाही ते असे, की आपण निवासी आणखी किमान दोन वर्षे राहणार आहात, आणि विकल्यावर ती दोन वर्षे आपल्याला कोठे तरी भाड्याने राहावे लागेल. नंतर विकला तरी ते पैसे येथे अडकत नाहीत. अनिवासी व्यक्तीला आपल्या एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातील उत्पन्नासाठी असलेल्या, खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. मनीषनगरातील आपल्या फ्लॅटची किंमत त्याच्या जवळपासही नाही.

तेव्हा रविवारी येणाऱ्या ग्राहकाला शनिवारीच फोन करून, विक्रीचा विचार तूर्त थांबवला आहे, असे स्वच्छ सांगा. टोकन घेऊन मग नकार दिलात, तर रक्कम परत करण्यावरून वाद होतात आणि करारनाम्यावर सही झाली असेल तर तो वाद न्यायालयापर्यंतही जातो. सोमवारी कार्यालयातून निघताना महापालिकेच्या झोन कार्यालयात डोकावून विवाहनोंदणीसाठी कोणती कागदपत्रे लागतात ते विचारून या. लग्नपत्रिका सापडत नाही, असे आपण पत्रात लिहिले आहे. ती बहुधा हनुमाननगरच्या घरी आईच्या कपाटात असेल.